मोठ्या बाबांचा पिवळा दिवा

भुताखेताच्या गप्पांत मी कायम टर उडवणाऱ्यांच्या बाजूला. पुण्यात माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. दिवा लागला तर करंट कुठून आला ते शोधायचं, एवढंच आमचं शास्त्र! तरीही हे लिहितोय...

माझी मोठी आई, म्हणजे थोरली काकू, पिंपळगाव राजाला राहते. मूलबाळ नाही, आम्हीच तिची पोरं. 'पुण्याला चला दोघं' म्हटलं की उखडायची. शेवटी मी चार डब्या बनवल्या. प्रत्येकीवर चार रंगांचे दिवे, आत सिमकार्ड. एक माझ्याकडे, एक ताईकडे देऊळगाव राजाला, एक मोठ्या आईच्या स्वयंपाकघरात आणि एक गोठ्यात, मोठ्या बाबांसाठी, म्हणजे काकांसाठी. सकाळचा चहा ठेवला की बटण दाबायचं. चारही डब्यांवर तुमचा दिवा लागतो. मोठ्या आईचा हिरवा. तो रोज लागतोय तोवर तिला गावातून हलवायचं नाही, असा आमचा करार.

मोठे बाबा बटण दोनदा दाबायचे. "एक डाव दाबून कोणाले समजते बे? दार दोनदा वाजवा लागते!" त्यामुळे त्यांचा पिवळा दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा.

ते गेल्यावर मी त्यांच्या डबीतलं सिम काढून घेतलं. बाकीच्या डब्यांवरचा पिवळा दिवाही काढणार होतो, तर मोठी आई म्हणाली, "राहू दे ना. तुह्यं काय खाते तो?"

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी दुकानात बसलो होतो... आणि पिवळा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

तेवढ्यात ताईचा फोन. "पाह्यलं का रे तू? मोठे बाबा..."

मोठ्या आईला फोन लावला. एरवी लगेच 'जय भीम, बोल बाप्पा' म्हणणारी ती, उचलेचना. शेजारच्या गजाननला धाडलं. ती न्हाणीत घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलेलं, घशाला कोरड, पण शुद्धीवर होती. हिरवा दिवा सकाळी लागून गेला होता, म्हणजे दुसऱ्या सकाळपर्यंत आम्ही निर्धास्तच राहिलो असतो. त्या उन्हात तेवढा वेळ ती टिकली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

गावी पोचलो तेव्हा मोठ्या बाबांची डबी गोठ्यातून आणून धान्याच्या कोठीवर ठेवलेली होती. उघडून पाहिली. सिम नाही, बॅटरी फुगून मेलेली. नेटवर्कचा घोळ म्हणावा, तर नेमका दोनदाच कसा लागला?

दवाखान्यात मी निक्षून सांगितलं, "आता पुण्याला चलायचं. एकटं राहायचं नाही."

"एकटी कुठं आहो मी?" ती म्हणाली. मला रडूच फुटलं.

ती अजून पिंपळगावातच आहे. काठी टेकत का होईना, चहा ठेवते, बटण दाबते. मागच्या खेपेला म्हटलं, मोठ्या बाबांच्या डबीत नवं सिम घालून देतो.

"नको रे बाप्पा," ती म्हणाली, "बिना सिमचंच बरं चालून राह्यलं त्याइचं."