दुसरी बादली

दिघोरीत गोदावरीबाईंना कुणी वाईट म्हणणार नाही. अशा बायका गावात थोड्याच. बाकीच्यांची नावं मी सांगत बसत नाही, मला इथंच राहायचं आहे. त्यांची-आमची भिंत एक. पण आता सांगते ते भिंतीतून ऐकलेलं नाही, बाईंनीच माझ्याजवळ बसून सांगितलेलं आहे.

सारा जन्म धानाच्या बांधीत गेल्यामुळे भाताचं शीत वाया गेलेलं त्यांना खपत नसे. घासण्याआधी भांडी नुसत्या पाण्यानं विसळायची आणि ते खरकटं पाणी गाईच्या टाक्यात ओतायचं, ही आमच्याकडची रीतच. राखेनं भांडी घासायचे तेव्हा घासल्यानंतरचं पाणीही कधीमधी टाक्यात जायचं. कुणाचं काही बिघडलं नाही.

मग मुलाचं, सूरजचं लग्न झालं आणि भंडाऱ्याची रीना सून म्हणून आली. सोबत लिंबाच्या वासाचा हिरवा पातळ साबण आला. पोरगी नीटनेटकी. मोरीजवळ दोन बादल्या ठेवायची. पहिली विसळलेल्या पाण्याची, ती गाईला. दुसरी साबणाची, ती नालीत. सासूलाही तिनं हे दोनदा समजावलं होतं. सासूनं मान हलवली. गाई पाळायला कालच्या पोरीकडून शिकायचं, असं मनात आलंच असेल.

धान घरात आल्यावर पाहुण्यांना जेवण झालं. वडे-पुऱ्या, तेलकट गंज-पातेली, कढया. रीनानं त्या दिवशी अर्धी बाटली साबण ओतला आणि भांडी घासून पाहुण्यांना निरोप द्यायला बाहेर गेली. दुसऱ्या बादलीच्या तळाशी बाईंना मूठ-दोन मूठ भात दिसला. फेकायला हात धजेना. त्यांनी ती बादली टाक्यात रिकामी केली. फेस आला, तर वर कोंडा टाकून कालवला. मोगरी गाय गाभण होती, तहानलेली होती. तिनं टाकं चाटूनपुसून साफ केलं.

सकाळी तिचं पोट फुगलेलं. जनावरांचे डॉक्टर आले, तोंडाजवळचा फेस पाहून म्हणाले, "साबणाचं पानी पाजलं काय?"

सूरजनं बायकोकडे पाहिलं. "बादल्या रोज तूच उचलते ना?"

"मी नाही ओतली," रीना म्हणाली. सगळे बघत राहिले, तशी रडायला लागली. "घाईत होती मी. ओतली असन काय? मले आठवूनच नाही राहिलं."

गोदावरीबाई दावं धरून तिथंच उभ्या होत्या. एक शब्द बोलायचा होता. तो त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मोगरी गेली, पोटातल्या वासरासकट.

सूरजनं साबणाची बाटली उकिरड्यावर भिरकावली. घरात पुन्हा चुलीची राख आली, साकोलीहून रिठे आले. थंडीत रिठे भिजवायचे, फोडायचे, उकळायचे, सगळं रीनानं. कुणी तसं सांगितलं नव्हतं. तिनंच शिक्षा लावून घेतली होती आणि कुणी ती कमी केली नाही.

बचत गटाच्या रुपाबाईंना हे भलतंच आवडलं. बिनकेमिकलचं घर म्हणून त्यांनी सभा भरवली, बाईंना खुर्चीवर बसवलं. रिठ्याचं पाणी कसं करायचं ते बाईंनी सांगितलं. मागून कुणीतरी विचारलं, "पन गाय कशी मेली जी?" सगळ्या माना रीनाकडे वळल्या. मीही पाहिलं, खोटं कशाला बोलू. ती खाली बघून रिठे फोडत होती.

त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. सुनेसमोरच मुलाला म्हणाल्या, "सूरज, ते दुसरी बादली मी ओतली होती. रीनाचा काही दोष नाही."

सूरज हातातला घास तसाच धरून बघत राहिला. "आई, तिच्यासाठी सारं आपल्या अंगावर कायले घेऊन राहिली? तू आन् मोगरीले साबण पाजशीन?"

"देवाशप्पथ, मीच ओतली."

"शपथ नोको घेऊ. तुह्यं मन मोठं हाय, मले माहीत हाय." आणि तो जेवू लागला. दुसऱ्या दिवशी त्यानंच ते चार लोकांत सांगितलं. सुनेची चूक स्वतःवर घेणारी सासू म्हणून गाव बाईंचं नाव घेऊ लागलं, आणि उरलासुरला संशयही रीनाच्याच नावावर पक्का झाला.

संध्याकाळी बाई रिकाम्या गोठ्यात बसल्या होत्या. रीना आली, वाकली आणि तिनं त्यांचे पाय धरले. रिठ्यानं तिचे हात खरखरीत झाले होते.

"माह्यासाठी तुमी खोटं बोलल्या, आई. माह्या मायनंही एवढं केलं नसतं."

तिथं तिसरं कुणी नव्हतं, रीनाला खरं पुन्हा एकदा सांगता आलं असतं. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ऊठ," एवढंच म्हणाल्या.