ब्यूटीसाठी आलेला नर

लॅमिंग्टन रोडवर आमचं कापडाचं दुकान. पण आमच्या ह्यांचा जीव दुकानापेक्षा ब्यूटीत, म्हणजे त्यांच्या बुलडॉग कुत्रीत. गेल्या खेपेला तिची पिल्लं टाळू फाटलेली जन्मली आणि गेली. तेव्हापासून ह्यांना चैन नाही. जेवता जेवता उठतात, अंगणात येरझाऱ्या घालतात.

शेवटी शेजारच्या धारवाडच्या जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं, ‘याला लाइन ब्रीडिंग म्हणतात. नर-मादी दोघांचा आजा एकच. आई-बापात झाकलेला दोष दोन्हीकडून आला, की पिल्लात उघडा पडतो.’

नराचा मालक पुन्हा तोच कुत्रा घेऊन आला, तर ह्यांनी भांडून त्याला दारातूनच परत पाठवलं.

त्याच संध्याकाळी ह्यांची थोरली बहीण, शकुंतलाअक्का, नारळ घेऊन आल्या. हकीकत ऐकून म्हणाल्या, ‘बरं केलंस.’ मग नारळ पुढे केला. ‘आता आमच्या किरणला तुझी स्नेहा दे. मामाच्या पोरीवर हक्कच आहे की आमचा!’

ह्यांच्या पुन्हा येरझाऱ्या सुरू. कुत्रीसाठी दारात भांडणारं तोंड बहिणीपुढे उघडेना. मला मात्र राहवेना.

‘अक्का,’ मी म्हटलं, ‘ह्या दोघांचाही आजा एकच.’