भट्टीवरचा सायलेन्सर

ब्रनो शहरात ट्राम चालवताना लुबोर दिवसभर रुळांच्या धाकात असायचा; सगळी खुमखुमी तो आपल्या पिवळ्या, दोनच सीटच्या गाडीत जिरवायचा. कंपनीची हमी चालू असतानाच पठ्ठ्याने इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवली, कडक स्प्रिंगा आणि गुरगुरणारा सायलेन्सर बसवला. पुढे इंजिनाचा टर्बो बिघडला, तेव्हा सगळं मूळचं परत लावून साळसूदपणे कंपनीत हजर झाला. पण संगणकानेच चहाडी केली आणि टर्बो हमीत बसला नाही; पदरच्या पैशाने बदलावा लागला. आता लपवायचं कुणापासून, म्हणत त्याने नवे भाग पुन्हा चढवले आणि मूळचे गावाबाहेर सासऱ्यांच्या बागेत नेऊन टाकले.

आता त्याच्या बायकोचे, ब्लांकाचे, दिवस भरत आले होते. तेही जुळ्यांचे. आणि विकायला काढलेली गाडी काही खपेना. त्यामुळे शनिवारी ओस्त्रावा शहरातून यित्का नावाची बाई गाडी बघायला आली, तेव्हा देव न मानणाऱ्या लुबोरलाही देव पावल्यासारखं झालं.

“हमी टर्बोपुरतीच गेलीय, बाकीची चालू आहे,” ती म्हणाली. “पण मूळचे भाग द्याल तरच घेते. उद्या मलाही विकायची आहेच ना.”

“आहेत की. सासऱ्यांच्या बागेत. चला, याच गाडीने जाऊ.”

सासरे झ्बिनेक आयुष्यात काही फेकून देत नसत. लुबोर फाटकातून आत शिरला. मासे भाजायच्या भट्टीवर त्याचा सायलेन्सर धुराडं होऊन ऐटीत धूर सोडत होता. बाकाखाली त्याच्याच स्प्रिंगा होत्या.

“बाबा, हे काय करून ठेवलंत?”

“मग काय गंजू देऊ? भोक एकही पाडलेलं नाही, जावईबापू. नुसतं तारेने बांधलंय. तू मागायला येणार, हे तू आणून टाकलंस तेव्हाच कळलं होतं मला.”

यित्काने वाकून स्प्रिंगा निरखल्या. ग्रीस लावून जपलेल्या. मग बाकावर बसून दोनदा उसळून बघितलं, भाजलेल्या ट्राउट माशाचा तुकडा तोंडात टाकला.

“घेतली गाडी,” ती म्हणाली. “सायलेन्सर तेवढा घासून द्या, नाहीतर मांजरं मागे लागतील.”

लुबोरने आनंदाने तिच्याशी हात मिळवला. किल्ली तिच्या हातात ठेवतो न ठेवतो तोच फोन वाजला. ब्लांका.

“कळा सुरू झाल्यात. अँब्युलन्सने निघालेय दवाखान्यात. ये ना लवकर.”

“बसा,” यित्का म्हणाली आणि इंजिन गुरगुरलं. लुबोर पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसला. जिच्यापायी टर्बोची हमी गेली, ती सगळी ताकद आज त्याला हवी होती.

झ्बिनेक माशांचं पुडकं घेऊन धावत आले. “अरे थांबा, मीही येतो. मी कुठे बसू?”

“म्हणूनच तर विकली, बाबा,” लुबोर खिडकीतून ओरडला आणि गाडी सुटली.