दोन फुटांचा जिना

"भैया, दीदी चली गईं." मी पानिपतला दौऱ्यावर असताना नर्सचा फोन आला. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "नीचे कैसे लाएँगे?"

माझी मोठी बहीण, आर्किटेक्ट प्रज्ञा, जाऊन दीड महिना झाला. तिच्याविषयी जिथे जिथे छापून आलं, तिथे आमच्या करोल बागेतल्या घराचा फोटो आहे. नागपूरहून सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आलेल्या बाबांनी निवृत्तीनंतर दोन इमारतींमधली जेमतेम दहा फूट रुंद पट्टी घेतली, तेव्हा नातेवाईक हसले होते. ताईने तिथे चार मजले उभे केले. दर मजल्यावर एकच खोली, मधोमध छतापासून खालपर्यंत ऊन झिरपवणारी पोकळी, आणि भिंतीला चिकटून चढणारा दोन फुटांचा जिना. कॉलेजची मुलं वह्या घेऊन बघायला यायची. तळमजल्यावरच्या ऑफिसातून ताई त्यांना वर न्यायची, आणि तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

बाबांना तिने तिसऱ्या मजल्यावर ठेवलं. गुडघे गेले तेव्हा त्यांनी भीत भीत विचारलं, "जिना थोडा रुंद नाही का होणार गं?"

"बाबा, जिना रुंद केला तर खोली जाते. आणि वर उजेड किती चांगला आहे!"

पुढची चार वर्षं ते खाली उतरले नाहीत. पाहुण्यांनी "कैसा लगता है यहाँ?" विचारलं की ताईकडे बघत "बिल्कुल बढ़िया" म्हणायचे... मी ते ऐकायचो आणि माझ्या ऑफिसला निघून जायचो.

बाबा गेले. स्ट्रेचर वळेना, म्हणून त्यांना खुर्चीत बसवून, चादरीने बांधून उतरवलं. प्रत्येक वळणावर त्यांचं डोकं भिंतीला लागत होतं. ताई खालून सांगत होती, "खुर्ची डावीकडे कलवा. तिथे तीन इंच जास्त आहेत."

ते मी तिला कधीच माफ केलं नाही.

पुढे तिला कॅन्सर झाला आणि तो हाडांत उतरला. बाबांच्याच खोलीत ती पडून असायची. एक दिवस तिने माझा हात धरला. "मिलिंद, मला खाली ऑफिसात ठेव ना. निदान दारातून माणसं दिसतील."

ऑफिस रिकामंच होतं. चार माणसं बोलावली असती तर तासाभराचं काम होतं. मी म्हणालो, "वर उजेड चांगला आहे, ताई."

ती म्हणाली, "अच्छा." पुन्हा तिने तो विषय काढला नाही. सात महिन्यांनी तिलाही आम्ही खुर्चीत बांधूनच उतरवलं.

परवा तिचा पलंग सरकवला. मागच्या भिंतीवर, झोपून हात पोचेल एवढ्या उंचीवर, पेन्सिलने काढलेला याच घराचा नवा नकाशा होता. रेषा थरथरलेल्या, मापं मात्र स्वच्छ. जिना चार फूट. त्यासाठी तिने ती पडून होती ती खोलीच काढून टाकली होती. तळमजल्यावर, दाराजवळ, एक पलंग काढला होता. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'मिलिंद म्हातारा होईल तेव्हा.'