सोफ्याची खालची बाजू

तीन माणसांचा सोफा जिन्याने वर चढवायला दोन माणसं लागतात, आणि त्यांच्यात वजनाची वाटणी कधीच सारखी होत नाही. वरचा वाट दाखवतो, खालचा सोफा उचलतो. सोफे-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या दुकानातल्या दोन भावांपैकी थोरला मिसरूड फुटल्यापासून खाली आहे.

वरच्या बाजूला भाड्याचा हमाल असायचा. धाकटा त्याच्याही पुढे, दोन्ही काखांत उशा घेऊन. दार उघडलं की गिऱ्हाइकाला पहिला दिसायचा तो. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर हसू. थोरला धापा टाकत वर पोचेपर्यंत धाकट्याचा चहा अर्धा झालेला असायचा. एका गिऱ्हाइकाने थोरल्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मालक स्वभावाने चांगले दिसतात. पगार वेळेवर देतात ना?"

"देतात," थोरला म्हणाला. घरी आल्यावर तो जेवला नाही.

या वाटणीचं कारण धाकट्याच्या छातीत होतं. तो लहान असताना डॉक्टरांना त्याच्या हृदयात एक वेगळा आवाज ऐकू आला. तेव्हा छाती उघडून ऑपरेशन हाच उपाय सांगितला गेला. आईवडील घाबरले आणि पोराला जपायचं ठरलं. शाळेच्या कवायतीतून त्याला सुटी मिळाली आणि त्याचं दप्तर थोरल्याच्या पाठीवर आलं. खिडकीजवळची जागा, दुधावरची साय, वडिलांचं घड्याळ, सगळं त्याच्याकडे गेलं. मोठेपणी ताप आला तेव्हा थोरला आईला म्हणाला, "माझ्याही छातीत जरा आवाज येतोय." आई शिलाईचं मशीन न थांबवता म्हणाली, "कफ असेल."

यंदा धाकट्याला उशा घेऊनही धाप लागायला लागली. मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दोघा भावांना समजावलं. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या एका धमनीला जन्मापासूनच जास्तीची फांदी फुटलेली होती आणि ती थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात उघडत होती. स्नायूच्या वाट्याचं रक्त त्या आडवाटेने परस्पर निघून जायचं. आवाज तिचाच.

"आता छाती उघडायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "जांघेतून बारीक नळी घालून तिथपर्यंत जायचं आणि ती वाट बुजवायची."

"मग तो वजन उचलू शकेल?" थोरल्याने विचारलं.

धाकट्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "आधी बरं तर होऊ द्या त्यांना."

त्या क्षणी डोक्यात पहिला आला तो सोफा, भाऊ नाही, हे थोरल्याने रात्री बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पुढे कुणाला सांगितलं नाही, असंही नाही.

उपचाराच्या वेळी धाकटा जागा होता. जांघेत भूल दिली होती. नळीतून औषध सोडलं की धमन्या पडद्यावर काळ्या उमटत आणि पुसल्या जात. त्या आडवाटेत आधी एक छोटा फुगा फुगवून डॉक्टर काही वेळ थांबले. वाट बंद झाल्यावर हृदयाची काही तक्रार आहे का, हे आलेखावर पाहिलं. तक्रार नव्हती. मग फुगा काढून नळीतून बारीक तारेची वेटोळी एकामागून एक आत सोडली. पुन्हा औषध सोडलं तेव्हा ती फांदी पडद्यावर आलीच नाही.

संध्याकाळी वॉर्डात धाकट्याभोवती गर्दी झाली. आई उशाशी बसलेली, मावशी पायाशी, शेजारचे दोन पेशंटही कान देऊन. धाकटा फुग्याची गोष्ट रंगवून सांगत होता. थोरला भिंतीला टेकून उभा होता. कुणीतरी विचारलं, "पण आत बसवलं काय?"

"स्प्रिंग," थोरला पुढे होत म्हणाला. "तारेची. आपल्या सोफ्यात असते तशी, फक्त बारीक."

सगळे त्याच्याकडे वळले. त्याला बरं वाटलं. मग तो स्प्रिंग या विषयावर बराच वेळ बोलला: तार कशी असावी, वेटोळं किती घट्ट असावं. आईने जन्मभर सोफ्यांची कव्हरं शिवली होती. ती शांतपणे ऐकत होती. त्याचं संपल्यावर तिने विचारलं, "म्हणजे वजन पडलं की ही पण बसणार?"

थोरला पुन्हा भिंतीला टेकला.

"बसतेच," आई म्हणाली. "मी काय कमी बसलेल्या स्प्रिंगा पाहिल्यात? याने आता कशालाही हात लावायचा नाही. उशासुद्धा नाही."

पुढचे काही आठवडे उशाही थोरल्यानेच वाहिल्या. धाकटा जायचा रिकाम्या हातांनी, आणि हवापाण्याच्या गप्पा मारत दारात उभा राहायचा. त्याची धाप गेली होती. "आई, मला काही होत नाही गं," तो म्हणायचा. "तुला काय कळतंय," आई म्हणायची, "दादाने सांगितलंय ना!"

पुढच्या तपासणीला थोरला आईला हट्टाने बरोबर घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंसमोर बसल्यावर त्याला विचारावंच लागलं. "ती स्प्रिंग... सोफ्यातल्यासारखी वजनाने बसेल का?"

"कुठली स्प्रिंग?"

"तुम्ही बसवलेली."

बाईंना आधी हसू आलं. मग त्या आईकडे वळल्या. "आजी, ती काही उचलून धरत नाही. तिला बारीक धागे असतात. त्यात रक्त साकळतं आणि वाट बंद होते. बुचासारखं काम आहे तिचं. हा सोफा आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

आईने बोट दाखवलं नाही, नुसतं पाहिलं. बाईंनी सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचला, वाट पूर्ण बंद असल्याचं सांगितलं, गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या. जांघेतली जखमही भरली होती. वजन उचलायला हरकत नव्हती.

दोन दिवसांनी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा सोफा पोचवायचा होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. थोरल्याने हमाल बोलावला नाही. टेम्पोतून सोफा उतरवल्यावर तो धाकट्याला म्हणाला, "खाली धर."

"मी?"

"मग कोण? मी वरून सांगतो तसा वळव."

धाकट्याने धरला. पहिल्या वळणावर चुकला, भिंतीचा रंग खरवडला. दुसऱ्या वळणावर "दादा, थांब, थांब!" म्हणून ओरडला. थोरला थांबला, तेवढं समाधान त्याने पुरेपूर घेतलं. तिसऱ्या मजल्यावर आयुष्यात पहिल्यांदा दार त्याच्यासमोर उघडलं.

"मालक कुठेत?" बाईंनी विचारलं. मग त्यांची नजर खाली गेली. "अगबाई! तुम्ही कशाला उचललंत? तुम्हाला बरं नव्हतं ना? या, आधी बसा." सोफा आत ठेवताच धाकट्याला खुर्ची मिळाली, पंखा मिळाला, पाणी मिळालं. बाई थोरल्याला म्हणाल्या, "आजारी माणसाच्या अंगावर एवढं ओझं घालतं का कुणी?"

थोरल्याने बोलायला तोंड उघडलं, पण त्याला गिऱ्हाइकाशी बोलायची सवय नव्हती.

"नाही हो, मला आवडलं," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने दोन्ही तळवे पुढे केले. फळीच्या कडेचे तांबडे वळ उठले होते. "बघा," तो बाईंना म्हणाला. बाईंनी चष्मा लावून पाहिले. थोरल्याचे तळवे इतक्या वर्षांत कुणी पाहायला मागितले नव्हते, आणि आपण होऊन दाखवावेत असं त्याला सुचलंही नव्हतं.

दुरुस्तीला न्यायचा दुसरा सोफा भिंतीशी होता. थोरला तरातरा गेला आणि जिन्याकडची, उतरताना खाली येणारी बाजू त्याने धरली.

"दादा, ती मी धरतो," धाकटा उठून आला.

"सोड. ही बाजू माझी आहे."

"आत्ता तर मला दिलीस!"

"दिली नव्हती. बघायला दिली होती."

"मला जमतंय की!"

"तेच तर," थोरला म्हणाला.

धाकट्याने फळी सोडली नाही. थोरल्यानेही नाही. दोघं खांद्याला खांदा लावून एकाच कडेला वाकून उभे.

"अहो," बाई मागून म्हणाल्या, "दुसरीकडून कोण धरणार?"