वस्तऱ्याचा वारसा

बाबांचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हा गिऱ्हाइकांनी त्यांच्या वस्तऱ्याखाली मान द्यायचं सोडलं. आत्यालाही आधी हाच आजार झाला होता, पार्किन्सन्स. मग त्यांचं केस कापायचं दुकान थोरल्या मुलीने हाती घेतलं. चाळिशी ओलांडल्यावर तिने स्वतःची जनुकीय चाचणी करायचं ठरवलं.

"कशाला विकतचं दुखणं घेतेस, ताई?" धाकटा भाऊ चिडून म्हणाला.

"दुखणं नाही रे, माहिती घेतेय."

निकाल आला. बाबांच्या तपासणीत एका जनुकात जो बदल सापडला होता, तोच तिच्यातही निघाला. तो कागद घेऊन ती डॉक्टरबाईंकडे गेली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "याचा अर्थ आजार होणारच असा नाही. धोका इतरांपेक्षा जास्त आहे, एवढंच. हा बदल असूनही कित्येकांना आयुष्यभर काही होत नाही."

"मग माझ्या हातात काय आहे?"

"नियमित व्यायाम. हमी देत नाही, पण फायदा होऊ शकतो."

घरी येऊन ती मनसोक्त रडली. दुसऱ्या दिवशी मात्र तिने दुकानात जायला बसऐवजी सायकल काढली. चढावर ऊर फुटायची वेळ आली, पण ती उतरली नाही. डॉक्टरबाईंनी संशोधनासाठी रक्त मागितलं, तेही तिने दिलं.

भाऊ हे सगळं बघत होता. एका सकाळी तोही सायकल घेऊन दारात उभा राहिला.

"चाचणी मी करणार नाही हं," त्याने आधीच बजावलं.

"नको करूस. पण चढावर मागे पडलास तर मी थांबणार नाही," ती म्हणाली आणि निघालीसुद्धा.