नायक कुमरे पाण्यात का उतरला

लडाखला माझी पोस्टिंग झाली तेव्हा नोकरीची सोळा वर्षं पूर्ण झाली होती. मी आर्मीच्या इंजिनिअर्सचा हवालदार. ट्रेड पंप आणि पाइपलाइन. नदीकाठच्या आमच्या पोस्टवर सात जण होते आणि काम एकच होतं. नदीतून पाणी उचलायचं आणि अडीच किलोमीटरवरच्या कॅम्पला, तिथल्या हॉस्पिटलला पोचवायचं.

आम्हा सातांत तिघे वर्धा जिल्ह्याचे होते. हा योगायोग नव्हता. सुभेदार मनोहर गाखरे कारंजा घाडगेचे. मी आष्टीकडचा. भरतीच्या वेळी मैदानावर धाप लागून मी खाली बसलो, तेव्हा "ऊठ, आष्टीचं नाव घालवतो का" म्हणून मला उठवणारे तेच होते. पुढे दोनदा त्यांनी मला आपल्या तुकडीत मागून घेतलं. माझे वडील लवकर गेले. लग्न ठरवताना मी गाखरे साहेबांना विचारलं होतं. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

तिसरा नायक रामदास कुमरे. हिंगणीचा, बोर धरणाच्या बाजूचा. घरी गोंडी बोलायचा, आमच्याशी वऱ्हाडी, ड्यूटीवर हिंदी. बोलायचा कमीच. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. चारचौघांत मला हवालदार साहेब म्हणायचा, दोघंच असलो की अशोकभाऊ.

आता पाण्याबद्दल सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नदीच्या पात्रात, पाण्याखाली मीटरभर, काँक्रीटचं एक तोंड होतं. त्यावर लोखंडी गजांची जाळी. तिथून पाइप काठावरच्या पंप हाऊसमध्ये यायचा. आपल्याकडच्या माणसाला वाटतं, बर्फ पाण्याच्या वर धरतो आणि खाली पाणी वाहत राहतं. वाहत्या, उघड्या नदीत तसं होत नाही. आभाळ निरभ्र असेल, वारा असेल आणि थंडी उणे वीसच्या खाली गेली, तर सगळं पाणी शून्याच्या किंचित खाली उतरतं, तरी गोठत नाही. त्यात बर्फाचे बारीक कण तयार होतात. डोळ्यांना दिसत नाहीत. ते लोखंडाला लागले की चिकटतात आणि एकावर एक धरत जातात. तासाभरात जाळी बंद. वरून पाहिलं तर नदी स्वच्छ, काहीच झालेलं नाही.

पहिल्या हिवाळ्यात असं दोनदा झालं. आम्ही पंप उघडला, पाइप तपासला, मोटरला शिव्या दिल्या. दोष सापडला नाही. ऊन आलं की पाणी आपोआप सुरू व्हायचं.

उलगडा कुमरेने केला. बादलीची साखळी रात्रभर पाण्यात राहिली होती. सकाळी त्याने ती ओढली आणि मला हाक मारली.

"अशोकभाऊ, हात लावून पाहा."

मी हातमोजा काढून साखळी धरली. तिच्यावर ओल्या साखरेसारखा खरखरीत थर होता.

"हे साखळीले धरते, तर जाळीले काऊन नाई धरणार?" तो म्हणाला.

त्या दिवसापासून आमची पद्धत ठरली. थर्मामीटर पाण्यात. शून्य दिसलं की दर अर्ध्या तासाने साखळी ओढायची. हाताला खरखर लागली की व्हॉल्व्ह अर्धा बंद करून पंपाची ओढ कमी करायची आणि वरच्या टाकीतलं पाणी उलटं सोडून जाळी धुवायची. प्रवाहाच्या वरच्या अंगाला आम्ही रिकामे बॅरल दोराने बांधून आडवे टाकले. तिथे पाणी संथ झालं, वर बर्फाची चादर धरली आणि चादरीखालचं पाणी वाचलं. निम्मा त्रास तेवढ्याने गेला.

उरलेल्या निम्म्यासाठी कुमरेने उपाय सुचवला. जनरेटरच्या कूलिंगचं गरम पाणी बारीक पाइपने जाळीपर्यंत नेऊन सोडायचं. गाखरे साहेबांना ते पटलं. वरून मंजुरी आली, सप्टेंबरमध्ये पाइपही आले आणि स्टोअरमध्ये पडून राहिले. मी तीन वेळा विचारलं. साहेब म्हणायचे, "होते ना बे, घाई काऊन करतं?" कॅम्पच्या बांधकामाचं काम निघालं होतं, माणसं तिकडे होती. लाइन बसवली नाही.

मला तेव्हा एक गोष्ट माहीत नव्हती. नोव्हेंबरच्या रिपोर्टमध्ये साहेबांनी 'हीटिंग लाइन पूर्ण, चालू' असं लिहून वर पाठवलं होतं.

जानेवारीतली ती सकाळ. साडेपाचला साखळी साफ होती. सहाला हाताला खरखर लागली. 0610 ला पंपाच्या गेजचा काटा सरकायला लागला. वाऱ्याने रात्री बॅरलचा दोर तुटला होता आणि बर्फाची चादर फुटून वाहून गेली होती. आम्ही व्हॉल्व्ह अर्धा केला. उलटं पाणी सोडायला टाकीवरच्या माणसाला विचारलं, तर टाकी तळाला होती. हॉस्पिटलमध्ये आदल्या संध्याकाळी ट्रक अपघातातले जवान आणले होते, पाणी जास्त लागलं होतं.

0625 ला मी रेडिओवर गेलो. कॅम्पच्या कंट्रोलला त्या दिवशी स्वतः गाखरे साहेब होते.

"कंट्रोल, नदी पोस्ट. जाळी बंद होत आहे. पंप थांबवायची परवानगी द्या. ओव्हर."

"नाही. पंप थांबला तर लाइन गोठेल. जाळी साफ करा. ओव्हर."

"साहेब, वरून बांबूने होत नाही. साडेसातला ऊन येईल, आपोआप सुटेल. तोवर सीओ साहेबांना कळवून हॉस्पिटलला टँकर पाठवू. ओव्हर."

मग साहेब हिंदी सोडून आपल्या बोलीत आले. रेडिओवर ते असं कधीच बोलत नसत.

"कोणाले काई कळवाचं नाई. कुमरेले उतरव. ओव्हर."

"साहेब, परत सांगा. ओव्हर."

"कुमरे पाण्यात उतरेल. हा माझा हुकूम आहे. आउट."

0631 झाले होते. कुमरे माझ्या शेजारीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तरी मी हुकूम पुन्हा बोललो, कारण पद्धत तशी आहे.

"बरं," तो म्हणाला. "दोर तुमीच धरजा."

रबरी सूट घालून, कमरेला दोर बांधून 0640 ला तो उतरला. पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं. लाकडी फावड्याने तो गज खरवडत होता. दर दोन मिनिटांनी मी हाक मारायचो आणि तो हात वर करायचा. 0652 ला पंप हाऊसमधून आवाज आला, "काटा परत येतोय!" पाणी लाइनला लागलं होतं. मी ओरडलो, "झालं! निघ!"

तो वळला. काठापासून चार पावलांवर होता. तळाशी धरलेला बर्फ कधी कधी स्वतःच सुटून वर येतो. वरच्या अंगाला तसाच एक मोठा थर सुटला आणि प्रवाहाबरोबर खाली आला. खाटेएवढा असेल. त्याने कुमरेला पाठीमागून धरलं आणि काठालगतच्या बर्फाखाली ढकललं. दोर ताणला गेला. माझे हातमोजे ओले होऊन घसरत होते, म्हणून मी ते काढून टाकले. आम्ही तिघं ओढत होतो, एक जण पहारीने वरचा बर्फ फोडत होता. 0658 ला तो बाहेर आला. 0740 ला हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं. डॉक्टरांचे शब्द मला आठवत नाहीत.

माझ्या दोन्ही हातांची बोटं हिमदंशाने गेली असती. आठ वाचली, दोन कापावी लागली. मी सव्वा महिना बेडवर होतो, त्यामुळे कुमरेबरोबर हिंगणीला जाता आलं नाही. शवपेटीबरोबर गाखरे साहेब गेले.

अपघाताच्या चौकशीसाठी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली तेव्हा माझ्या हातांना बँडेज होतं. साहेब टाइप केलेले दोन कागद घेऊन बेडजवळ आले. कागद इंग्रजीत होते.

"तुही स्टेटमेंट हाय. तू सांगतलं तसंच लिहिलं. वाचून दाखवू?"

"साहेब, तुम्ही लिहिलं म्हणजे झालं."

त्यांनी पेन माझ्या बँडेजमध्ये अडकवलं, कागद धरून ठेवला. मी सही केली. जाताना त्यांनी माझ्या पायांवरची रजई नीट केली.

पाच वर्षांनी मी रिटायर झालो. गाखरे साहेब त्याआधीच ऑनररी लेफ्टनंट होऊन घरी गेले होते. मधल्या काळात मी कुमरेच्या बायकोला, सुनीतावहिनीला, दोन पत्रं लिहिली होती. उत्तर आलं नाही. दुःखात असतील, असं मी समजलो. गावी आल्यावर पहिल्याच आठवड्यात हिंगणीला गेलो.

वहिनी अंगणात हरभरा वाळवत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी बसा म्हटलं नाही. आत गेल्या आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. आत झेरॉक्स होती. त्यांच्या भावाने अर्ज करकरून ते कागद मिळवले होते आणि गावातल्या मास्तरांनी मराठीत समजावून सांगितले होते.

"भाऊजी, ही सही तुमचीच हाय ना?"

वाकडीतिकडी होती, पण माझीच होती. मी वाचायला लागलो. मला इंग्रजी सावकाश वाचता येतं. पाण्यात उतरू नये असं नायक कुमरे याला सुभेदार गाखरे यांनी माझ्यासमोर बजावलं होतं, असं त्यात लिहिलं होतं. त्याने ऐकलं नाही. मी अडवूनही तो स्वतःच्या मर्जीने उतरला. हीटिंग लाइन त्या दिवशी तात्पुरती बिघडलेली होती. खाली माझं नाव, नंबर, हुद्दा.

मी दुसऱ्यांदा वाचलं. उन्हात उभा होतो आणि हातांच्या बोटांत कळ आली.

"शाळेत शहीद जवानायच्या नावाचा फलक लागला," वहिनी म्हणाल्या. "याचं नाव नाई टाकलं. कागदात आज्ञा मोडली असं हाय म्हणे. माही पोरगी त्याच शाळेत जाते."

"वहिनी, हे मी सांगितलेलं नाही."

"मंग सही काऊन केली?"

मी म्हणालो, "मी परत येतो." त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला.

तिथून मी थेट कारंज्याला गेलो. हायवेला लागून साहेबांचं नवं घर आहे, मागे संत्र्याची झाडं. मला पाहून त्यांना आनंद झाला, तो खोटा नव्हता. आत हाक मारून त्यांनी चहा सांगितला. मी उभ्यानेच विचारलं.

"साहेब, माझ्या नावावर काय लिहिलं तुम्ही?"

त्यांनी आतलं दार ओढून घेतलं.

"लाइन झाली असं मी लिहून बसलो होतो, अशोक. खरं निघालं असतं तर माही नोकरी गेली असती. तो तर गेलाच होता. त्याले आता काय फरक पडते?"

"त्याची बायको जिवंत आहे."

"बस. चहा घे."

"तुम्ही माझ्याच हाताने केलं ते, साहेब. दुसरा कोणी नाही मिळाला?"

"तूच तर होता तिथं," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "आन् तू वाचणार नाईस, हे मले मालूम होतं."

मी चहा घेतला नाही. त्या सकाळचा अपवाद सोडला तर उभ्या नोकरीत ज्या माणसाचा हुकूम मी कधी दुसऱ्यांदा विचारला नव्हता, तो 'बस' म्हणत असताना मी फाटकाबाहेर पडलो. बसस्टँडपर्यंत चालताना दोनदा वाटलं की मागे फिरावं, कदाचित माझंच ऐकण्यात चुकलं असेल. इतकी सवय होती.

नंतर मी प्रतिज्ञापत्र केलं. हुकुमाची वेळ, रेडिओवरचे शब्द, स्टोअरमध्ये पडलेले पाइप, सगळं लिहून रेकॉर्ड ऑफिसला पाठवलं. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. चौकशी पूर्ण झालेली आहे, निष्कर्ष बदलण्याचं कारण दिसत नाही. दुसरा अर्ज पाठवला. तो अजून तिथेच आहे. गाखरे साहेबांना या वर्षीही झेंडावंदनाला बोलावलं होतं, असं ऐकलं.

ते दोन ओळींचं उत्तर आलं त्याच आठवड्यात मी पुन्हा हिंगणीला गेलो. या वेळी वहिनींनी खाट टाकली. मी काहीही न लपवता सांगितलं, साडेपाचच्या साखळीपासून सात चाळीसपर्यंत. हुकूम मीच पुन्हा बोललो, हेही सांगितलं. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"पाणी सुरू झालतं का?"

"झालं होतं. सहा बावन्नला. त्यानेच सुरू केलं."

"जाऊ नको म्हटल्यावरही हा गेला, आमचा इचार नाई केला, असं मले वाटे. पाच वर्सं मी त्याच्याशी भांडली, भाऊजी. सयपाक करताना, वावरात निंदताना, रोज. त्याची चूकच नव्हती." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "हे मले लिहून द्या. इंग्रजीत नाई. मले वाचता येईन असं."

मुलीच्या वहीचं एक पान त्यांनी फाडून दिलं. माझी अक्षरं आता मोठी आणि वाकडी येतात, वेळ लागला. त्यांनी पान हातात घेतलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं :

"नायक रामदास कुमरे, राहणार हिंगणी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा, हा हुकुमावरून पाण्यात उतरला. त्याने दिलेलं काम पूर्ण केलं. परत येताना त्याला मरण आलं. मी तिथे होतो."

'हुकुमावरून' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. तो त्यांनी पुन्हा वाचला, मग मुलीला हाक मारली आणि तिलाही वाचायला लावला.